धातूतल्या स्पिन लहरी आणि ऋण जे-१बी: लोहाधारित अतिसंवाहकांच्या मूळ संयुगांविषयीच्या एका प्रश्नाचं उत्तर

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने बेरियम-१२२ या बेरियम-लोखंड-आर्सेनिकच्या संयुगाबद्दल विचारलं आहे (काहीही न मिसळलेल्या संयुगाला 'मूळ संयुग' म्हणतात): "बेरियम-१२२ हा धातू आहे. मग त्यावरच्या न्यूट्रॉन प्रयोगांना हायझेनबर्ग मॉडेल का लावतात? त्या मॉडेलमध्ये तर स्पिन अणूंवर खिळलेले असतात. त्यातून निघालेलं जे-१ए मोठं आणि धन, जे-१बी लहान आणि ऋण, हे कसं? आणि मूळ संयुग अतिसंवाहक नसतंच, तर त्याच्या चुंबकीय उत्तेजनांवर लोक इतकी वर्षं का घालवतात?"

तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. २००८ नंतर किमान दहा वर्षं या क्षेत्रातली जाणती माणसं याच मुद्द्यावर दोन बाजूंना उभी होती. माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून देतो. जे म्हणजे दोन लोह-अणूंच्या स्पिनमधल्या जोडणीची ताकद: जे-१ए आणि जे-१बी ए आणि बी दिशेच्या शेजाऱ्यांमधली, जे-२ कर्णावरच्यांमधली; धन असेल तर स्पिन उलटे, ऋण असेल तर सुलटे राहू पाहतात. पेपरात छापलेली जे-१ए, जे-१बी, जे-२ ही मूल्यं म्हणजे स्पिन लहरींच्या (स्पिनच्या क्रमातून धावणाऱ्या डोलण्याच्या) आलेखाचं थोडक्यात केलेलं वर्णन आहे. त्या आलेखाला तसा आकार का आला, हे ती सांगत नाहीत. हा फरक लक्षात ठेवलात तर परस्परविरोधी वाटणारे बरेचसे पेपर एकाच पदार्थाबद्दल बोलताहेत हे दिसू लागतं.

पदार्थापासून सुरुवात करू. फेब्रुवारी २००८ मध्ये टोकियोतल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने फ्लोरिन घातलेल्या लँथनम-आयर्न-आर्सेनिक-ऑक्साइडमध्ये २६ केल्विनला अतिसंवाहकता सापडल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांतच समॅरियम घालून ती ५५ केल्विनपर्यंत गेली. हे '११११' कुटुंब. त्याच वर्षी जर्मनीत डिर्क योहरेंट यांच्या गटाने बेरियम-आयर्न-आर्सेनाइडमध्ये पोटॅशियम घालून ३८ केल्विन गाठलं. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिकचं प्रमाण १:२:२ म्हणून हे '१२२'. न्यूट्रॉनवाल्यांना १२२ जास्त प्रिय झालं, कारण त्याचे मोठे, स्वच्छ स्फटिक वाढवता येतात. ११११ चे स्फटिक फार लहान राहतात.

रचना सगळीकडे तीच: लोखंडाच्या अणूंची चौरस जाळी, आणि तिच्या वर-खाली आलटून पालटून बसलेले आर्सेनिकचे अणू. काहीही न मिसळलेलं बेरियम-१२२ थंड करत नेलं की सुमारे १३८ केल्विनला जवळजवळ एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. चौरस जाळी किंचित आयताकृती होते. ए आणि बी अक्षांतला फरक एका टक्क्याहूनही कमी असतो. आणि स्पिन पट्ट्यांच्या रचनेत बसतात: लांब अक्षावर, म्हणजे ए दिशेला, शेजारी-शेजारी उलटे, आखूड अक्षावर, म्हणजे बी दिशेला, शेजारी-शेजारी सुलटे. न्यूट्रॉनने मोजलेला क्रमबद्ध मोमेंट, म्हणजे स्थिर क्रमात बसलेलं अणूचं चुंबकबळ, प्रत्येक लोखंडामागे ०.८७ बोहर मॅग्नेटॉन (हे त्याचं एकक) आहे. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पट्ट्यांचं साधं बँड-गणित मात्र २ च्या जवळपास आकडा देतं. अणूवर सुटा, पूर्ण हाय-स्पिन अवस्थेतला लोह-आयन असता तर ४ आले असते. या तीन आकड्यांकडे आपण परत येणार आहोत.

आता मोजमाप. न्यूट्रॉनला स्वतःचा चुंबकीय मोमेंट असतो, त्यामुळे तो स्फटिकातल्या स्पिनना धक्का देऊन स्वतःची थोडी ऊर्जा त्यांना देऊ शकतो. आत जाताना किती ऊर्जा होती, बाहेर येताना किती उरली आणि दिशा किती बदलली, एवढं मोजलं की ती ऊर्जा कोणत्या तरंगसदिशाच्या (म्हणजे कोणत्या दिशेच्या आणि तरंगलांबीच्या) लहरीला मिळाली ते कळतं. मूळ संयुगांत या लहरी २०० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जातात (यापुढे एमईव्ही लिहीन, त्यातला एम मिलीचा). इतक्या वरच्या ऊर्जेला साध्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन फारसे उपयोगाचे नाहीत. म्हणून इंग्लंडमधलं आयसिस किंवा अमेरिकेतल्या ओक रिजचा स्पॅलेशन स्रोत (प्रोटॉन आदळवून न्यूट्रॉन काढणारं केंद्र) लागतो. तिथे न्यूट्रॉन झोताने येतात आणि ठरावीक अंतर कापायला त्यांना किती वेळ लागला यावरून त्यांची ऊर्जा काढतात.

न्यूट्रॉन फार कमी वेळा आदळतो, म्हणून स्फटिक ग्रॅमच्या हिशोबात लागतो. एवढा मोठा एकसंध तुकडा मिळत नाही. मग अनेक लहान चकत्या एक्स-रेने दिशा पाहून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एकमेकींशी समांतर चिकटवतात. पेपरात हे एका ओळीत उरकलेलं असतं, पण मोजमापाचा दर्जा इथेच ठरतो. चकत्या दोन-तीन अंशांनी वेड्यावाकड्या बसल्या तर आलेखातली रेषा फुगते, आणि ती फुगवटी कोणीतरी 'इलेक्ट्रॉनमुळे झालेलं डॅम्पिंग' (लहरीचं विरणं) म्हणून वाचू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची स्वतःची कंपनंही सुमारे ४० एमईव्हीपर्यंत पार्श्वभूमीत डोकावतात. चुंबकीय सिग्नल आणि कंपनांचा सिग्नल वेगळे काढायची सोपी खूण अशी: तरंगसदिश वाढत गेला की चुंबकीय सिग्नल मंदावतो आणि कंपनांचा वाढतो. कोणत्याही पेपरातला कमी ऊर्जेचा नकाशा पाहताना ही तपासणी आधी करा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच वर्षी समजून घ्या. या प्रयोगांत बऱ्याचदा स्फटिक स्थिर ठेवून सी अक्ष झोताच्या दिशेला धरतात. तसं केलं की ऊर्जा बदलताच तरंगसदिशाचा सी दिशेचा घटक, एल, आपोआप बदलतो. तो तुमच्या हातात राहत नाही. बेरियम-१२२ मध्ये थरांमधली जोडणी दुबळी आहे, त्यामुळे वरच्या ऊर्जेला याने बिघडत नाही. खालच्या ऊर्जेला मात्र एल विषम असताना सिग्नल जोरकस आणि सम असताना क्षीण असतो. ३० एमईव्हीच्या खाली ऊर्जेबरोबर सिग्नल वरखाली होताना दिसला, तर त्यात नवं भौतिकशास्त्र शोधण्याआधी एल मोजा.

मोजून काय दिसलं? सगळ्यात खाली एक फट. बेरियम-१२२ मध्ये सुमारे १० एमईव्हीच्या खाली काहीच नाही. स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमच्या भावंडांत ती ७ च्या आसपास आहे. ध्रुवित न्यूट्रॉन (ज्यांचे स्पिन एकाच दिशेला आहेत असे) वापरल्यावर आणखी बारीक गोष्ट दिसली: स्पिन थराच्या प्रतलातच वळवायला जास्त ऊर्जा लागते, प्रतलाबाहेर झुकवायला कमी. थरांच्या पदार्थात उलट अपेक्षा असते. फटीच्या वर (१,०) या चुंबकीय बिंदूभोवती, म्हणजे पट्ट्यांच्या क्रमाच्या तरंगसदिशाभोवती, अतिशय उभा शंकू निघतो. ऊर्जा वाढते तसं त्याचं वर्तुळ पसरतं, मग ते लंबवर्तुळ होतं, बी दिशेला ताणलं जातं, फाटतं, आणि २०० एमईव्हीच्या सुमारास सगळं (१,१) या झोनच्या, म्हणजे तरंगसदिशांच्या एका पूर्ण चौकटीच्या, कोपऱ्याकडे जमा होतं.

जे-१बी ऋण का, याचं उत्तर याच कोपऱ्यात आहे, आणि ते तुम्हाला कागदावर काढता येईल. पट्ट्यांच्या रचनेसाठी स्पिन लहरींचं सूत्र ऊर्जा² = अ² − ब² असं असतं. थरांमधली जोडणी सोडून दिली तर (१,१) ला (एसजे म्हणजे स्पिनचा आकार एस गुणिले जे)

अ = २ × (एसजे-१ए + २ एसजे-२ − २ एसजे-१बी)
ब = २ × (२ एसजे-२ − एसजे-१ए)

इथे जे-१ए आणि जे-१बी एकच धरा. अ आणि ब नेमके सारखे होतात आणि ऊर्जा शून्य येते. म्हणजे चौरस जाळीचं साधं जे-१–जे-२ मॉडेल सांगतं की (१,१) ला लहरी शून्यावर यायला हव्यात. प्रयोगात तिथेच शिखर आहे. २०११ साली पेंगचेंग दाय यांच्या गटाने बेरियम-१२२ साठी छापलेली मूल्यं घ्या: एसजे-१ए ५९.२, एसजे-१बी −९.२, एसजे-२ १३.६ एमईव्ही. अ येतो २०९.६, ब येतो −६४, आणि ऊर्जा जवळपास २०० एमईव्ही. हेच ते शिखर. कॅल्शियम-१२२ साठी २००९ मध्ये आलेली मूल्यंही, ४९.९, −५.७ आणि १८.९, जवळजवळ तिथेच नेतात. तेव्हा जे-१बी ऋण आलं ते मुख्यतः या एका कोपऱ्यातल्या मोजमापाने तसं करायला भाग पाडलं म्हणून. पेपर वाचताना 'बी दिशेला फेरोमॅग्नेटिक जोडणी आहे' असं वाक्य दिसलं की त्याचा मूळ आधार हा आहे हे ध्यानात ठेवा.

आता या आकड्यांवर साधा विचार करू. जाळीचे ए आणि बी अक्ष एका टक्क्यानेही वेगळे नाहीत. एवढ्याशा फरकाने एका दिशेची जोडणी ५९ आणि दुसरीची −९ होईल? होणार नाही. कोणत्याही रासायनिक बंधाचं गणित ते देत नाही. म्हणजे हा फरक अणूंच्या जागांतून आलेला नाही, इलेक्ट्रॉनांतून आलेला आहे. शिवाय दाय यांच्या गटाने १३८ केल्विनच्या वर, जाळी पुन्हा चौरस झाल्यावरही मोजलं, आणि वरच्या ऊर्जेचा तो ताणलेला आकार तसाच राहिला. क्रम गेला, जाळी चौरस झाली, तरी लहान अंतरावर आणि लहान काळासाठी स्पिनना दोन दिशांतला फरक कळतच होता. यालाच नेमॅटिक वर्तन म्हणतात. त्याचं सैद्धांतिक बीज १९९० मध्ये प्रेमला चंद्रा, पिअर्स कोलमन आणि अनातोली लार्किन यांनी मांडलं होतं, लोहाधारित अतिसंवाहक कोणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हा: जे-१ आणि जे-२ यांच्या ओढाताणीत स्पिनचा क्रम लागण्याआधीच दोन दिशांपैकी एकीची निवड होऊ शकते.

स्थानिक स्पिनवाले यावर एक उपाय सुचवतात आणि तो मला आवडतो. जे-१ दोन्ही दिशांना सारखाच ठेवायचा, पण शेजारच्या स्पिनच्या गुणाकाराच्या वर्गाची एक संज्ञा जोडायची. पट्ट्यांचा क्रम लागला की ती संज्ञा आपोआप एका दिशेला भर घालते आणि दुसऱ्या दिशेला तेवढीच वजाबाकी करते. म्हणजे ५९.२ आणि −९.२ यांची सरासरी, २५, हा खरा जे-१, आणि वर-खाली ३४ हा त्या नव्या संज्ञेचा वाटा. मग जे-२ भागिले जे-१ येतो ०.५४. साध्या जे-१–जे-२ मॉडेलमध्ये पट्ट्यांचा क्रम टिकायला हे प्रमाण अर्ध्याहून जास्त लागतं, म्हणजे पदार्थ काठावर उभा आहे. हे चित्र सुटसुटीत आहे. पण ही नवी संज्ञा इतकी मोठी का, हे विचारलं की उत्तर पुन्हा फिरत्या इलेक्ट्रॉनांकडेच जातं.

दुसरी बाजू त्याच इलेक्ट्रॉनांपासून सुरू होते. या धातूंच्या फर्मी पृष्ठावर (भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधली सीमा) झोनच्या मध्यभागी होल-खिसे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांचे) आणि कडेला इलेक्ट्रॉन-खिसे आहेत, आणि एकाला दुसऱ्यावर नेऊन बसवणारा तरंगसदिश नेमका चुंबकीय क्रमाचा आहे. त्यांच्या जुळणीतून स्पिन घनतेची लहर उभी राहते, असं हे स्पष्टीकरण. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे डॅम्पिंग. विद्युतरोधकात स्पिन लहरीला विरघळायला जागा नसते. लँथनम-कॉपर-ऑक्साइड या ताम्रयुक्त मूळ संयुगात ३०० एमईव्हीपर्यंतच्या लहरीही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. धातूत तीच लहर इलेक्ट्रॉन-होल जोड्यांत मोडू शकते. छेडलेल्या तंबोऱ्याच्या तारेवर कोणी बोट टेकवावं तसं होतं: स्वर ओळखू येतो, पण टिकत नाही. मूळ १२२ मध्ये १०० एमईव्हीच्या वर हेच दिसतं. रेषा रुंद होतात, आणि सगळ्या दिशांना सारख्या होत नाहीत. हे डॅम्पिंग हायझेनबर्ग मॉडेलमध्ये नाही. ते बाहेरून हाताने घालावं लागतं.

कॅल्शियम-१२२ वर २००९ मध्ये दोन गटांनी जवळपास एकाच वेळी मोजलं. एकाने लिहिलं की हायझेनबर्ग चौकटीत संपूर्ण डिस्पर्शन, म्हणजे तरंगसदिशानुसार बदलणारी लहरींची ऊर्जा, बसतं. आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेच्या गटाने लिहिलं की उत्तेजनं फिरत्या इलेक्ट्रॉनांची आहेत आणि वर जाताना विरून जातात. दोघांची मोजमापं एकमेकांशी फारशी भांडत नव्हती. भांडत होती ती वाचनं. अशा पेपरांत निष्कर्षाच्या परिच्छेदापेक्षा कच्चे कट (नकाशाचे छेद) पाहावेत, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

निवाडा लांबण्याचं एक प्रायोगिक कारण होतं: ट्विनिंग. जाळी आयताकृती होताना स्फटिकाच्या काही भागांत लांब अक्ष या दिशेला जातो, काहींत काटकोनात. न्यूट्रॉन दोन्हींची सरासरी पाहतो. (१,०) चा सिग्नल (०,१) वरही उमटतो, आणि तो खरा तिथला की दुसऱ्या ट्विनचा हे सांगता येत नाही. वरच्या जे-मूल्यांत ही सरासरी गृहीत धरूनच फिटिंग केलेलं आहे. उपाय म्हणजे स्फटिकाला एका बाजूने दाबून ठेवणं. दहा-वीस मेगापास्कलचा दाब पुरतो, पण ग्रॅमभर स्फटिकांच्या प्रत्येक चकतीला तो सारखा बसला पाहिजे. २०१४ मध्ये अशा दाबलेल्या, निकेल मिसळलेल्या बेरियम-१२२ वर मोजमाप करून चौरस अवस्थेतही स्पिनच्या हालचालीत दोन दिशांचा फरक दिसतो हे दाखवलं गेलं. विद्युतरोध दोन दिशांना वेगळा दिसू लागतो त्याच तापमानांच्या टप्प्यात हा फरकही दिसतो. मग २०१८ मध्ये जवळजवळ शंभर टक्के ट्विनविरहित मूळ बेरियम-१२२ चा संपूर्ण नकाशा आला. त्यांचा निष्कर्ष होता की इलेक्ट्रॉनांमधली मध्यम ताकदीची परस्परक्रिया धरून केलेलं फिरत्या इलेक्ट्रॉनांचं गणित हा नकाशा चांगला वर्णन करतं. तुम्ही एकच पेपर नीट वाचणार असाल तर हा वाचा.

तरी 'म्हणजे सगळं फर्मी पृष्ठाच्या जुळणीतून आलं' असं मी म्हणणार नाही. आता ते तीन आकडे परत घेऊ.

चुंबकीय सिग्नल निरपेक्ष एककांत मोजला आणि सगळ्या ऊर्जांवर, सगळ्या झोनभर बेरीज केली, तर दर लोखंडामागे हलत्या मोमेंटच्या वर्गाची सरासरी मिळते. हे काम कष्टाचं आहे: व्हॅनेडियमचा ज्ञात नमुना त्याच यंत्रावर मोजून प्रमाण ठरवायचं, आणि ३०० एमईव्हीपर्यंत पार्श्वभूमी प्रामाणिकपणे वजा करायची. बेरियम-१२२ साठी २०१२ मध्ये ही संख्या आली सुमारे ३.२ बोहर मॅग्नेटॉन-वर्ग. स्थिर क्रमातल्या ०.८७ चा वर्ग होतो फक्त ०.७६. म्हणजे चुंबकत्वाचा मोठा हिस्सा गोठलेला नाही, सतत हलतो आहे. ३.२ म्हणजे स्पिनचा आकार १/२ असल्यावर येणाऱ्या आकड्याच्या जवळपास; हाय-स्पिन लोखंडाला २४ हवे होते.

सोडियम-आयर्न-आर्सेनाइड, म्हणजे १११, याहून बोलकं आहे. त्यात क्रमबद्ध मोमेंट केवळ ०.०९, बेरियम-१२२ च्या दहाव्या भागाइतका. जुळणीचं दुबळं चुंबकत्व एवढंच असतं तर हलता मोमेंटही तितकाच किरकोळ हवा होता. पण मोजला तर तो बेरियम-१२२ च्या बरोबरीने निघाला, फक्त ऊर्जेची उंची जवळपास निम्म्यावर आलेली. तिथे आर्सेनिकचा अणू लोखंडाच्या थरापासून जरा जास्त उंच बसतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची उडी आखडते आणि लहरींचा पट्टा अरुंद होतो. आयर्न-टेल्यूराइडमध्ये तर मोमेंट २ च्या घरात आहे आणि क्रमाची दिशाच ४५ अंशांनी फिरलेली, फर्मी पृष्ठाच्या जुळणीला न जुमानता. आयर्न-सेलेनाइडमध्ये ९० केल्विनला जाळी आयताकृती होते, चुंबकीय क्रम मात्र लागतच नाही, आणि तरी २०० एमईव्हीपर्यंत जोरदार स्पिन उत्तेजनं आहेत.

या सगळ्याला धरून चालणारं चित्र हुंड-धातूचं आहे. क्रिस्तियान हाउले आणि गॅब्रिएल कोट्लियार यांनी ते २००९ पासून मांडलं. लोखंडाच्या पाच डी-ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनांना हुंडची परस्परक्रिया एका दिशेला वळवू पाहते, त्यामुळे अणूवर क्षणभर मोठा मोमेंट उभा राहतो. पण इलेक्ट्रॉन धातूतले आहेत, ते निघून जातात आणि मोमेंट विरतो. अतिशय कमी वेळात टिपणाऱ्या क्ष-किरण पद्धतींना म्हणून मोठा मोमेंट दिसतो, आणि सावकाश सरासरी घेणाऱ्या ब्रॅग शिखराला (स्थिर क्रमाचा न्यूट्रॉन-सिग्नल) लहान. कोणाचाही आकडा चुकलेला नाही, प्रत्येकजण वेगळ्या कालावधीचं चित्र देतो आहे. खालच्या ऊर्जेला फर्मी पृष्ठाचं राज्य, वरच्या ऊर्जेला हुंडचं: माझ्या मते आज एवढं ठामपणे म्हणता येतं. जे-मूल्यं या दोन राज्यांवर ओढलेली एकच रेघ आहे.

स्थानिक स्पिनच्या शुद्ध चित्राविरुद्धचा माझा आवडता पुरावा मात्र स्पिन लहरींचा नाहीच. सोडियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम-१२२ मध्ये सोडियमच्या ठरावीक प्रमाणांना जाळी पुन्हा चौरस होते, पण चुंबकत्व राहतं. २०१६ मध्ये मॉसबाउअर मापनाने (लोह-अणुकेंद्रांनी शोषलेल्या गॅमा किरणांवरून) दाखवलं की तिथे अर्ध्या लोह-अणूंवर मोमेंट शून्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यांवर तो वाढलेला. दोन दिशांच्या स्पिन घनता-लहरी एकमेकींवर पडल्या की नेमकं हेच होतं. प्रत्येक अणूवर ठरलेल्या लांबीचा स्पिन खिळलेला असता तर असं होऊच शकलं नसतं.

आता तुमचा शेवटचा भाग: मूळ संयुगावर वेळ का घालवायचा. कारण डोपिंग केल्यावर, म्हणजे दुसरे अणू मिसळल्यावर, काय बदललं आणि काय नाही, हे मूळ मोजल्याशिवाय ओळखता येत नाही. निकेल घालून अतिसंवाहक केलेल्या बेरियम-१२२ मध्ये सुमारे १०० एमईव्हीच्या वरची उत्तेजनं मूळ संयुगाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. एकूण हलता मोमेंटही तोच, ३.२. बदल होतो तो तळाशी: फट भरून येते, क्रम जातो, आणि अतिसंवाहकता येताच एका ठरावीक ऊर्जेला सिग्नल अचानक वाढतो. ३८ केल्विनच्या पोटॅशियमयुक्त नमुन्यात २००८ मध्येच ही वाढ १४ एमईव्हीच्या आसपास दिसली होती. होल-खिसा आणि इलेक्ट्रॉन-खिसा यांच्यावरच्या अतिसंवाहक फटीची चिन्हं उलटी असतील तरच अशी वाढ सहज समजते. इगोर माझिन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी सुचवलेल्या कल्पनेला हा प्रयोगाचा पहिला मोठा आधार होता.

उलट बाजूची साक्षही आहे. पूर्ण पोटॅशियमच्या टोकाला गेलं की वरच्या ऊर्जेची उत्तेजनं दबतात आणि अतिसंवाहकतेचं तापमान ३-४ केल्विनवर येतं. कॅल्शियम-१२२ ला जेमतेम ०.३५ गिगापास्कल दाबलं की सी अक्ष धाडकन आखडतो आणि क्रमाबरोबर स्पिनची हालचालही नाहीशी होते. जोड्या बांधायला वरच्या ऊर्जेची ताकदवान स्पिन उत्तेजनं आणि खाली त्यांना जोडून घेणारे योग्य खिसे, दोन्ही लागतात, असं मी या मोजमापांवरून मानतो. त्यातला पहिला अर्धा भाग मूळ संयुगात आधीच तयार असतो.

क्ष-किरणांच्या प्रयोगाबद्दलही दोन शब्द, कारण आजकाल सगळे तिकडे वळतात. लोखंड क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतं त्या एल-३ कडेला, ७०८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, क्ष-किरण टाकून परतलेल्या किरणांची ऊर्जा मोजतात. रिक्स म्हणतात त्याला. कणभर स्फटिक किंवा पातळ थरही चालतो, आणि त्यातूनच आयर्न-सेलेनाइडच्या एका थरातली स्पिन उत्तेजनं मोजली गेली. न्यूट्रॉनने ते कधीच जमलं नसतं. पण दोन मर्यादा ध्यानात ठेवा. या क्ष-किरणांचा संवेग अपुरा पडतो, त्यामुळे चुंबकीय क्रमाच्या बिंदूपर्यंत पोचता येत नाही. झोनचा मधला भागच दिसतो. आणि धातूत फ्लुओरेसन्सची मोठी पार्श्वभूमी असते, ती कशी वजा केली यावर डॅम्पिंगचा आकडा बराच अवलंबून राहतो. ऊर्जेच्या जागेवर विश्वास ठेवा, रुंदीवर जपून.

हे काम भारतातून कसं करायचं, असंही तुम्ही पुढे विचाराल म्हणून सांगतो. न्यूट्रॉन स्कॅटरिंगची आपली परंपरा जुनी आहे. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर जर्मेनियमची कंपनं मोजली, आणि परतल्यावर ट्रॉम्बेत हे काम उभं केलं. लोह-आर्सेनाइडच्या बाबतीतही २००९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांबरोबर कॅल्शियम-१२२ ची कंपनं न्यूट्रॉनने मोजली, आणि त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) स्फटिक वाढवणाऱ्यांचा हात होता. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर रचना आणि क्रम मोजता येतात. २०० एमईव्हीच्या लहरींसाठी आयसिससारख्या ठिकाणी प्रस्ताव पाठवून वेळ मिळवावा लागतो, आणि इथले गट तो मिळवतात. प्रस्ताव भक्कम होतो तो चांगल्या स्फटिकांमुळे. म्हणून पहिलं वर्ष स्फटिक वाढवण्यात गेलं तर ते वाया गेलं असं समजू नका.

सुरुवातीला एवढं करा. वरचं सूत्र पूर्ण झोनसाठी स्वतः लिहा, स्पिन-डब्ल्यू या स्पिन लहरींच्या संगणक-प्रणालीने पडताळून पाहा, मग दोन ट्विनची सरासरी घ्या आणि जे-१बी −९ वरून हळूहळू +२५ पर्यंत नेत (१,१) चं शिखर कसं कोसळतं ते बघा. पेपर वाचताना दोन गोष्टी आधी ठरवून घ्या: आकडा जे आहे की एसजे, आणि तरंगसदिश एका लोखंडाच्या झोनमध्ये लिहिला आहे की दोन लोखंडांच्या. यांतलं एक जरी चुकलं तरी दोन गटांचे आकडे जुळत नाहीत असं वाटून आठवडे जातात. नंतर त्याच नकाशाचे १०० एमईव्हीच्या वरचे कट छापील मोजमापांशेजारी ठेवा. जिथे तुमची रेघ बारीक आणि त्यांची जाड दिसेल, तिथून तुमच्या प्रबंधाचं काम सुरू होईल.